खाड्याचा हिशेब

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे आकडे आले, त्यांत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा बायांमागे एकीची पिशवी काढलेली. त्याआधी २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २.६ टक्के आढळले होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नसल्याने आकड्याला आकडा लावून भागाकार करणे बरोबर नाही. पण फरक एवढा मोठा आहे की तो मोजमापातल्या उणिवेवर ढकलता येत नाही. त्या वर्षी सार्वजनिक चर्चेत दोन कारणे सर्वाधिक ऐकू आली: पैशाला हपापलेले डॉक्टर आणि अडाणी बाया. ही कारणे मान्य केली तर प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांतला ठरतो आणि चार दवाखान्यांना टाळे लावले की सुटतो. माझे म्हणणे असे की त्याचे मूळ ऊसतोडीचा धंदा ज्या पद्धतीने सत्तर वर्षांत उभा राहिला त्या पद्धतीत आहे. या धंद्याने बाईचे श्रम नवऱ्याच्या जोडीने ठोक विकत घेतले, तिच्या विश्रांतीच्या प्रत्येक दिवसाला दंड लावला आणि डोक्यावरचे कर्ज कधी फिटू दिले नाही. त्या ताणाखाली शरीर बिघडले तेव्हा ते बरे करायला सवड नव्हती. दुखणारा अवयवच काढून टाकणे एवढाच इलाज त्या वेळापत्रकात बसत होता.

ऊस महाराष्ट्राला जुना आहे. नवा आहे तो कारखाना. गुऱ्हाळाच्या काळात चरकाला जेवढा ऊस लागेल आणि काहिलीत जेवढा रस मावेल तेवढाच दिवसाला तुटायचा. तोडायला घरची आणि गावचीच माणसे असत. पुढे नगर-पुणे भागात कालव्यांचे पाणी आले, १९३२ साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि कालव्याकाठी खासगी साखर कारखाने वाढले. १९५० च्या अखेरीस लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभे केलेले ते काम मोठेच होते. उसाचा भाव सावकाराच्या हातून काढून शेतकऱ्याच्या हाती देणारी ती चळवळ होती. पण कारखान्याचा सभासद झाला तो ऊस लावणारा. ऊस तोडणाऱ्याला या सहकारात जागा नव्हती. शिवाय कारखान्याची भूक गुऱ्हाळासारखी आवरती घेता येत नाही. तुटलेल्या उसातली साखर तासातासाने घटते, आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, यंत्र थांबवणे परवडत नाही. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना घ्या. एक जोडपे दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे या एका कारखान्याला रोज अडीच हजार जोडपी फडात हवीत, तीही सलग पाच-सहा महिने, रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठून भरणारी. सभासदांच्या गावांत एवढी माणसे मिळणे शक्य नव्हते. घरदार मागे ठेवून येणारी आणि मध्येच परत जाऊ न शकणारी माणसे कारखान्यांना हवी होती.

ती बालाघाटाच्या डोंगररांगेत मिळाली. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी हे बीडचे तालुके आणि शेजारचे पाथर्डी-जामखेड पर्जन्यछायेत येतात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, खरिपाचे एक पीक हाती लागले तर लागले. १९७२ च्या दुष्काळाने ऊसतोडीला जाण्याची वाट रुंद केली आणि पुढच्या प्रत्येक अवर्षणाने ती आणखी मळत गेली. आज राज्यातल्या ऊसतोड कामगारांचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत दिले जातात आणि त्यांत बीडचा वाटा सर्वात मोठा मानला जातो. माणसे बांधून घेण्याची रीत म्हणजे उचल. दसऱ्या-दिवाळीच्या आधी मुकादम घरी येतो, हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडपे त्याच्या टोळीला बांधलेले राहते. ही रक्कम माणसामागे ठरत नाही, कोयत्यामागे ठरते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला उचलही त्याच मानाने मिळते. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. या रचनेत बाईच्या नावावर काहीच नसते. करार नवऱ्याशी, उचल त्याच्या हातात, हजेरी कोयत्याची. कारखान्याच्या कागदावर तिची नोंद नसते, पण तिच्या श्रमांवाचून कोयता पुरा होत नाही.

बाईचा दिवस कसा उगवतो तेही नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे दुखणे त्यातूनच वाढते. पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीपुढच्या, चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापायच्या, पाणी भरायचे, पोरांचे आवरायचे, आणि उजाडायच्या आत फडात पोहोचायचे. नवरा बुडख्याशी कोयता घालत पुढे जातो. ती पाचट सोलते, वाढे छाटते, ऊस गोळा करून मोळ्या बांधते. एक मोळी तीस-चाळीस किलोंची. दुपारनंतर किंवा रात्री ट्रक येतो. त्याला तिरकी टेकवलेली अरुंद फळी असते, दवाने नाहीतर चिखलाने निसरडी झालेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि त्या फळीवरून वर. मोळी टाकून खाली, पुन्हा वर. पाळी चालू असो, दिवस गेलेले असोत, बाळंतपणाला महिना झालेला असो, फळी चुकत नाही. ती चुकली तर खाडा पडतो. जोडीतला एक जण जरी कामावर आला नाही तरी कोयता मोडतो, म्हणून खाडा पूर्ण कोयत्याचा धरतात. २०१९ च्या सुमारास एका खाड्याला पाचशे रुपये आणि कुठे कुठे त्याहून अधिक कापले जात. २०२४ च्या करारापर्यंत तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता. दोन टनांचे झाले ५४६. म्हणजे एक दिवस पडून राहिले की ती कमाई तर गेलीच, वर जवळपास तेवढाच दंड बसला. महिन्याला दोनच दिवस विश्रांती घेतली तरी पाच महिन्यांच्या हंगामात दहा खाडे होतात, आणि पट्टा पडल्यावरच्या हिशेबात दंड आणि बुडालेली मजुरी मिळून दहा हजारांच्या वर रक्कम अंगावर येते. फिटली नाही तर ती बाकी म्हणून पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते. पाळी महिन्यातून एकदा येणारच. या हिशेबात तिचे येणे हाच दोष ठरतो.

गावी पाळीच्या दिवसांना विटाळाचा नियम होता. तो अपमानकारक होता आणि त्याची भलामण करण्याचे काही कारण नाही. हातावर पोट असलेल्या घरांत तो पुरता पाळणेही कधी परवडले नाही. तरी घरात चार बायका असल्या, तर बाजूला बसलेल्या बाईच्या वाट्याचे काम तीन-चार दिवस दुसरी कोणी करी. एवढी उसंत त्या वाईट रीतीतही होती. फडावर लाज तशीच राहिली, उसंत तेवढी संपली. कोप्यांच्या तळावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचे. चारी बाजूंना पुरुष कामाला असताना घडी बदलायला आडोसा नाही, धुतलेली घडी उन्हात वाळत घालायला जागा नाही. म्हणून एकच कापड दिवसभर, ओलसर कापड पुन्हा, लघवी दाबून धरणे आणि ती लागू नये म्हणून पाणीच कमी पिणे. मग जळजळ, धुपणी म्हणजे अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे. ओझ्याने अंग बाहेर येण्याची तक्रार. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या हंगामात कोणाला न विचारता घेतल्या जातात. गोळी बंद झाली की रक्तस्राव जास्त होतो, आणि पुन्हा खाड्याची धास्ती.

इथे शरीरशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण ताण हा शब्द आपण मनाच्या अवस्थेपुरता वापरतो आणि पाळीच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध सांगितला की ते मनाचे खेळ म्हणून सोडून देतो. वैद्यकशास्त्राला हा संबंध पटला तो महायुद्धांच्या काळात. जपान्यांनी हाँगकाँग घेतल्यावर स्टॅन्ली इथल्या छावणीत ब्रिटिश नागरिकांना कोंडले होते. छावणीतल्या डॉक्टर अ‍ॅनी सिडनम यांनी तिथल्या स्त्रियांची पाळी बंद पडण्याविषयी १९४६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. उपासमारीने पाळी जाते हे आधीपासून माहीत होते. पण युद्धकाळातल्या छावण्यांत अनेकींची पाळी वजन घटण्याच्या आधीच थांबल्याचे डॉक्टरांना दिसत होते. भीती आणि अनिश्चितता एवढी कारणे पुरेशी होती. पुढच्या तीस वर्षांत यामागची साखळी उलगडली. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडतो. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि तिच्या इशाऱ्यावर बीजांडकोशातून बीज बाहेर पडते. ते पहिले संप्रेरक १९७१ मध्ये शॅली आणि गिलमँ यांच्या गटांनी ओळखले आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर सततच्या धोक्यात असले की मेंदूतली ताणाची यंत्रणा आणि रक्तातले कॉर्टिसॉल हा ठेका मंद करतात. ठेका अगदी मंदावला तर पाळी थांबते. अर्धवट मंदावला तर एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही, गर्भाशयाचे अस्तर वेळेवर न झडता वाढत राहते आणि मग पाळी उशिरा, अनियमित आणि भरमसाट येते.

वेदनेचेही तसेच आहे. चीनमधल्या आनछिंग शहरात कापड गिरणीतल्या नवविवाहित कामगार स्त्रियांच्या पाळीच्या रोजच्या नोंदी ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३८८ स्त्रियांची ११६० पाळीचक्रे होती. ज्या महिन्यात ताण कमी नोंदवला गेला त्यानंतरच्या पाळीत वेदना होण्याचे प्रमाण २२ टक्के होते. ताण जास्त नोंदवलेल्या महिन्यानंतर ते ४४ टक्के झाले. या नोंदी आधी ताणाच्या आणि मग वेदनेच्या आहेत, म्हणून दुखते त्यामुळे ताण येतो असे सांगून त्या उलट फिरवता येत नाहीत. शिवाय त्या बाया गिरणीतल्या होत्या, निश्चित पगाराच्या. इथे ज्या बाईची झोप चार-पाच तासांची, जिला आज गाडी किती वाजता येईल हे ठाऊक नाही, पोर कोपीत एकटे आहे आणि मुकादमाच्या वहीत किती बाकी चढली हे तिला कोणी सांगत नाही, तिचा ताण किती लांबवर पोहोचत असेल? तो पाच-सहा महिने रोजचा, आणि उचलीमुळे वर्षानुवर्षांचा.

याला एक रास्त आक्षेप आहे. पांढरे जाणे जंतुसंसर्गाने होते, अशक्तपणा रक्त कमी असल्याने येतो, अंग बाहेर येते ते कोवळ्या वयातल्या बाळंतपणांनी आणि ओझ्याने. मग यात ताणाला कशाला गोवायचे? शिवाय ही दुखणी फक्त ऊसतोडीतच आहेत असेही नाही. आक्षेपाचा दुसरा भाग तर पुराव्याने सिद्ध झालेला आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि आधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. ग्रामीण बाईचे दुखणे सर्वत्र होते आणि सर्वत्र झाकलेले होते, हे त्या अभ्यासाने जगाला दाखवले. पण त्या दुखण्यावर तिशीतच पिशवी काढण्याची लाट सगळीकडे आली नाही. ती आली तिथे दुखण्यावर आणखी काही चढलेले होते. संसर्ग औषधाने बरा होतो, पण त्यासाठी दोन-तीनदा दवाखान्यात जावे लागते, नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते आणि स्वच्छ पाणी लागते. रक्त भरून यायला महिने लागतात. फडावर यांतले काही मिळत नाही. ताण, संसर्ग, अशक्तपणा यांचे वेगळे कप्पे पुस्तकात असतात. बाईच्या शरीरात ते एकमेकांना पोसतात. थकलेले शरीर संसर्ग लवकर घेते, भरमसाट पाळीने रक्त आणखी उतरते, दुखण्याने झोप जाते, आणि झोप गेली की दुखणे अधिक जाणवते. या साऱ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे न थांबता येणे, आणि ती धंद्याने घडवलेली आहे.

डॉक्टरांचा दोष मी कमी लेखत नाही. २०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल असे सांगून टेबलावर घेणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे. पण लोभी डॉक्टर हेच पुरते कारण असते, तर जिथे जिथे खासगी दवाखाने दाट आहेत तिथे हेच घडायला हवे होते. पुण्या-मुंबईतली नोकरदार बाई दुसऱ्या डॉक्टरचे मत घेते, सोनोग्राफी पुन्हा करते, तीन महिने गोळ्या घेऊन बघते. तिच्याकडे वेळ आहे आणि रजा आहे. बालाघाटातली बाई उन्हाळ्यात गावी आलेली असते, दसऱ्याला पुन्हा निघायचे असते आणि मधले चार-पाच महिने हीच काय ती तिची सवड. सरकारी दवाखाना लांब, तिथे तपासणारी बाई डॉक्टर असेलच असे नाही. अशा वेळी डॉक्टरचा लोभ आणि धंद्याचे वेळापत्रक एकाच दिशेला बोट दाखवतात. हंगामात दर महिन्याला त्रास देणारी गोष्ट हंगामाआधी एकदाची काढून टाकायची. डॉक्टरने भीती विकली हे खरे, पण गिऱ्हाईक तयार करून दिले होते फडाने.

बाया स्वतःच पिशवी काढायला सांगतात, हा आणखी एक युक्तिवाद. सांगतात, हे खरे आहे. मुले झाली, आता पिशवीचे काय काम, अशी भाषा त्यांच्या तोंडी असते, आणि त्यांना बुद्धी नाही असे मानणे हा त्यांचा दुसरा अपमान होईल. दहा खाड्यांचा हिशेब मांडून पाहिला तर त्यांचा निर्णय त्या हिशेबापुरता समजण्यासारखा आहे. म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो. जी निवड करताना एका पारड्यात कर्ज आणि दुसऱ्या पारड्यात स्वतःचे शरीर असते, तिला मोकळी निवड म्हणता येत नाही. आणि तो हिशेबही अपुरा माहीत असतो, कारण पुढचे कोणी सांगत नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोश काढले तर तिशीतल्या बाईला रातोरात रजोनिवृत्ती येते: अंगाची आग, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका. बीजांडकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. कंबर आणि सांधे दुखायचे थांबत नाहीत, कारण त्यांचे दुखणे मोळीचे होते. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिने ओझे उचलायचे नाही, ही सूचना पाळायला मिळतेच असे नाही. आणि शस्त्रक्रियेचे हजारो रुपये उभे राहतात बहुधा मुकादमाकडूनच, म्हणजे पुढच्या उचलीत मिळवून. खाड्यातून सुटण्यासाठी केलेल्या इलाजाने कर्ज वाढते आणि कर्ज वाढले की हंगाम चुकवणे अशक्य होते.

उचलीमुळेच गरिबाला एकरकमी पैसा मिळतो, बँक त्याला दारात उभे करत नाही, असे म्हणणारेही आहेत. एकरकमी पैशाची गरज खरी आहे. दुष्काळी गावात लग्न, दवाखाना, बैल यांसाठी दुसरे दार उघडे नसते. पण आगाऊ रक्कम देणे आणि आगाऊ रकमेच्या जोरावर माणसाला आजारी पडण्याचाही दंड लावणे या दोन गोष्टी एक नाहीत. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात श्रम बांधून घेण्यालाच वेठबिगार म्हटले आहे. साखरेचा धंदा त्यातून निसटला तो मधल्या पायऱ्यांमुळे. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. ऊस कोणासाठी तुटतो हे साऱ्या गावाला माहीत असते, मालक कोण हे मात्र कागदावर सापडत नाही. म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, बाळंतपणाची रजा नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात याहून वेगळी वाट एकदा आखली गेली होती. मुंबई प्रांतात १९२९ साली कारखान्यातल्या स्त्रियांसाठी मातृत्व लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. १९२८ मध्ये त्या विधेयकाला पाठिंबा देताना विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला विचार असा होता की आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि ज्या मालकाला बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्याने या विश्रांतीचा काही भार उचलणे योग्यच आहे. गिरणीवाल्यांचा धंदा त्या कायद्याने बुडाला नाही. १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला, १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडींसाठी कायदा करून विखुरलेल्या हमालांना मंडळाच्या नोंदणीखाली आणले. ओझे उचलणाऱ्या पुरुषाची नोंद करणे जमले, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. ओझे उचलणाऱ्या ऊसतोड बाईची नोंद करणे तेव्हाही अशक्य नव्हते. करायचे कोणी ठरवले नाही.

२०१९ नंतर काही हालचाल झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. यांतले प्रत्येक पाऊल गरजेचे होते. पण परवानगीचा नियम सुरीवर पहारा ठेवतो, फडावर नाही. शस्त्रक्रियेला नकार मिळालेली बाई त्याच दुखण्यासह त्याच फळीवर चढणार असेल, तर तिच्या हाती काय पडले? तोडणी यंत्रे आली की प्रश्नच राहणार नाही, असेही सांगितले जाते. यंत्राने फळी जाईल, पण बालाघाटाच्या घराची अर्ध्या वर्षाची कमाईही त्याच दिवशी जाईल. तेव्हा धंदा सोडणे आणि धंदा सुधारणे यांची गल्लत नको.

इतिहासातून काय करायचे ते पुरेसे स्पष्ट दिसते. कोयता हे एकक मोडून बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी आणि मजुरी तिच्या खात्यात जावी, म्हणजे उचलीच्या हिशेबाचा कागद तिच्याही हाती येईल. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बेकायदा ठरावा आणि महिन्यातले ठरावीक दिवस भरपगारी विश्रांतीचे असावेत. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते तोच मालक मानला जावा, मध्ये कितीही मुकादम असोत. तळावरचे पाणी, संडास आणि हंगामात फिरती स्त्रीरोग तपासणी ही त्याची जबाबदारी ठरावी. यावर धंद्याला परवडणार नाही असे उत्तर येईल, आणि सत्तर वर्षांच्या इतिहासाचे त्यावर उत्तर तयार आहे. बाईच्या विश्रांतीचा खर्च आजही दिला जातोच आहे. फक्त तो साखरेच्या किमतीत धरलेला नाही, १३,८६१ बायांनी तो आपल्या शरीरातून दिला. उसाला रास्त भाव मिळावा म्हणून सहकार उभा करणाऱ्या महाराष्ट्राने तो ऊस डोक्यावर वाहणाऱ्या बाईला महिन्याचे दोन दिवस भरपगारी द्यावेत, ही मागणी जास्त नाही. ती सत्तर वर्षांच्या थकबाकीतला पहिला हप्ता आहे.